पडद्याआडचं स्वप्न

साल एकोणीसशे तीस-बत्तीसच्या सुमाराचं. बोर्ली पंचतनला माझा दवाखाना होता. पुढच्या खोलीत ताप-खोकल्याच्या बाटल्या आणि मागच्या खोलीत माझं खरं वेड, म्हणजे माणसांची स्वप्नं ऐकायची. झुरिचला मनोविश्लेषण शिकून आलेल्या माझ्या गुरूंनी मुंबईत आधी दोन वर्षं माझीच स्वप्नं सोलून काढली आणि मग म्हणाले, जा आता. गाव हसायचं. हसो बापडं! त्या खोलीतल्या दुपारी आठवल्या की आज या वयातही जीव हळवा होतो. खिडकीबाहेर सुपाऱ्या वाळत पडलेल्या असत आणि आत कुणीतरी जन्मात पहिल्यांदा स्वतःविषयी बोलत असे.

एका खलाशाची बायको यायची. नवरा बोटीवर गेला त्याला तीन वर्षं झालेली, पत्र नाही, निरोप नाही. हिची झोप उडालेली. सासू बाहेर ओटीवर बसायची, ही पडद्याआडून बोलायची. स्वप्न एकच. नवरा भिजलेला, दाराशी उभा राहून हाका मारतोय आणि ही आतून कडी काढत नाही.

गुरूंचा दंडक होता: समोरचं माणूस बोलताना आपल्या पोटात काय कालवतंय ते आधी बघा. मला कसलं सुचतंय! वर्षापूर्वी माझी बायको वारली होती आणि मी अजून दाराकडे बघत जेवत होतो. घाईनं बोलून गेलो, "बाई, तो येणार. तुमचं मन त्याचीच वाट बघतंय. थांबा."

वैशाख सरता सरता तिचा बाप तिला कायमची माहेरी न्यायला आला. पावसात शिडाचे पडाव बंद, आणि दिघी बंदरातून शेवटचा पडाव दुसऱ्या दिवशी सुटणार होता. सासूच सांगत आली, "सून जात न्हाय म्हणते. डॉक्टरसाबनी थांबायला सांगितलंय म्हणते."

माझ्या दुःखापायी मी एका बाईचं आयुष्य अडवून ठेवलं होतं, आणि वर स्वतःला मनाचा डॉक्टर म्हणवत होतो. गाढव कुठला!

तसाच तिच्या घरी गेलो. सासूला ओटीवरच थांबवलं आणि पडद्याकडे तोंड करून म्हणालो, "तो येणार, हे तुमच्या स्वप्नात नव्हतं. ते माझं होतं. मला माफ करा."

ती म्हणाली, "डॉक्टरसाब, मी कडी काढत न्हाय, हे तुम्हाला कितीदा सांगितलं. का काढत न्हाय, ते एकदा तरी विचारलंत?"

मग मी विचारलं.

तिनं सांगितलं. ते मी सासूला सांगितलं नाही, बापाला सांगितलं नाही, आणि इथेही लिहिणार नाही. दुसऱ्या दिवशी ती बापाबरोबर पडावात बसली.