चौदा हजार मैलांचा पाटा

प्रमोदिनी फणसे पुण्याला संख्याशास्त्र शिकल्या. तिथल्या एका प्रयोगशाळेत नोकरीही ठरली होती. पण आई गेली, वडील अंथरुणाला खिळले आणि त्या महाडला परत येऊन शाळेत गणित शिकवू लागल्या. वडिलांना ऐकू येत नसे. शाळा सुटली की बाईंचं त्या दिवसाचं बोलणं संपलं.

१९६१च्या फेब्रुवारीत वरंध घाटात रावजी मोऱ्यांच्या लॉरीचा पाटा, म्हणजे चाकावरचे धक्के झेलणारी पोलादी स्प्रिंग, तुटला. लॉरी दरडीवर आदळली, क्लीनर रामा गेला. त्याची बहीण बाईंच्या वर्गात होती, म्हणून बाई त्यांच्या घरी भेटायला गेल्या. अंगणात लॉऱ्यांचा मिस्त्री हैबती मान खाली घालून बसला होता.

"नवा पाटा व्हता वो बाई. सा महिनं पन झालं नव्हतं," तो म्हणाला. "त्याच दुकानातला दुसरा तीन वरसं चाललाय. मी काय समजायचा?"

बाई तशाच रावजींकडे गेल्या. पाटे मुद्दाम मोडून ते किती टिकतात हे काढता येईल, म्हणाल्या.

"एक मोडून बघा मग," रावजी म्हणाले.

"एकानं त्या एकाचंच कळेल. बारा लागतील."

रावजींनी बारा पाट्यांची किंमत बोटांवर मोजली. मग म्हणाले, "घेऊन जा."

मे महिन्यात रावजींची भाताची गिरणी बंद असे. तिच्या इंजिनावर हैबतीनं एक दांडा जोडला. तो पाटा मिनिटाला दीडशे वेळा वाकवी. कमी, मध्यम आणि जास्त अशा तीन तऱ्हांनी वाकवायचं, प्रत्येक तऱ्हेला चार पाटे. कुठला पाटा कुठे, ते बाईंनी चिठ्ठ्या टाकून ठरवलं.

हैबती हसला. "चांगलं चांगलं मी आदीच बाजूला काढलंत की!"

"म्हणूनच चिठ्ठ्या. नाहीतर तुमची निवड कळेल, पाटे कळणार नाहीत."

रोज सकाळी वडिलांचं आवरून बाई गिरणीत येत. सारख्याच वाकवण्याला एक पाटा एक्क्याऐंशी हजारांवर मोडला, दुसरा अडीच लाखांवर. दोन तर जून उजाडला तरी मोडलेच नाहीत.

"मोडलंच नाय तं लिवायचं कशाला?" हैबतीनं विचारलं.

"इतके टिकले, हे लिहायलाच हवं. ते गाळले तर बाकीचे उगीच दुबळे ठरतील."

मग वाकण्यांचे मैल करायला घाटात लॉरीला दर मैलाला किती धक्के बसतात ते मोजायचं राहिलं. बाई ड्रायव्हरशेजारी बसून वर गेल्या. प्रत्येक मोठ्या धक्क्याला एक चिंचोका एका पिशवीतून दुसरीत टाकत होत्या. ड्रायव्हर आणि हैबती दोघंही मोठ्यानं मोजत होते आणि दोघांचे आकडे कधीच जुळत नव्हते. त्या दिवशी बाई इतक्या हसल्या, की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

शेवटी त्यांनी रावजींना सांगितलं, "कुठला पाटा कधी मोडेल ते मला सांगता येणार नाही. पण चौदा हजार मैलांच्या आत पन्नासात एखादाच जाईल. बारा पाट्यांवरून याहून पक्कं बोलवत नाही. तेवढे मैल झाले की बदला."

"चांगला असला तरी?"

"वाईट कुठला ते वरून दिसत नाही ना."

रावजींनी ऐकलं. त्या पावसाळ्यात हैबती मुंबईच्या एका कारखान्यात गेला. गिरणीतला दांडा निघाला. चौसष्टमध्ये वडील वारले. बाईंनी पुण्याच्या त्या प्रयोगशाळेला पत्र घातलं. वयाची अट ओलांडली आहे, असं उत्तर आलं.

सदुसष्ट साली घाटाच्या रस्त्यानं जाताना त्यांना रावजींच्या लॉऱ्यांचं गॅरेज दिसलं. लॉऱ्या आता दुसऱ्या मालकाच्या होत्या. नवा मिस्त्री चाक काढत होता.

"घाटात पाटे तुटतात का हो?"

"नाय बा. चौदा हजाराला बदलतो ना आमी."

"चौदाच का?"

"पयल्यापासनं तसंच हाय."

बाईंच्या ओठांवर पुष्कळ आलं होतं. "बरं," एवढंच म्हणून त्या निघाल्या. घरी आल्यावर हे सांगायला कुणी नव्हतं. त्यांनी हैबतीला चार पानी पत्र लिहिलं, त्यात आकडेही होते.

पंधरा दिवसांनी कार्ड आलं. अक्षर दुसऱ्या कुणाचं होतं. "बाईस नमस्कार. पत्र वाचून घेतलं. आकडं कळलं नाय. रामाच्या आईला सांगा, आता तुटत नाय म्हून."

बाईंनी चपला घातल्या आणि ऊन कलायच्या आत त्या रामाच्या घराकडे निघाल्या.