पेमाच्या बाबांची सही

मंडळी, सकाळपासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

आज बंगळुरूत, बेळ्ळंदूरच्या नेहमीच्या पार्लरमध्ये गेले होते. तिथली पेमा अरुणाचलची, चीनच्या सीमेजवळच्या अगदी शेवटच्या डोंगरी गावातली. केस कापता कापता थांबली आणि मोबाइलवर बाबांनी पाठवलेला एका कागदाचा फोटो पुढे करून हिंदीत म्हणाली, "दीदी, एवढं इंग्रजी वाचून सांगा ना."

गावात नवा रस्ता झालाय. त्यावरून आलेल्या दोघांनी तिच्या बाबांना होमस्टे काढून देतो म्हणून सांगितलंय. उद्याच सही हवी आहे. कागदात मात्र होमस्टेचा शब्दही नाही. घर आणि वरचं कुरण नव्व्याण्णव वर्षांसाठी द्यायचं, एवढंच.

मला संशय आला. "कोण आहेत हे लोक? रस्ता कुठपर्यंत जातो? गावात घरं किती?" मी विचारतच सुटले.

पेमाने हळूच मोबाइल मागे घेतला. "दीदी, आमचं गाव सीमेवरचं. असं कोणी विचारलं तर आम्ही सांगत नाही."

म्हणजे संशय माझ्यावरही! मी ओशाळले. तरी म्हटलं, "बाबांना सांग, सही करू नका."

तिने लगेच फोन लावला. बाबा त्यांच्या भाषेत थोडंच बोलले आणि पेमाने फोन ठेवला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, नाही करत सही. पण मग तू येशील का इथे राहायला?"

एवढं सांगून तिने पुन्हा कात्री उचलली.

मला पुण्याहून इथे येऊन नऊ वर्षं झाली. माझ्या बाबांनी हे कधी विचारलं नाही. तुमच्या घरच्यांनी विचारलं, तर काय सांगाल?