अण्णांच्या खोलीतला जीवनाचा हेतू

चार माणसं आठवड्याला एकदा जमून आयुष्याचा अर्थ शोधू लागली, की अर्थ हाती लागो न लागो, किस्से मात्र भराभर साठतात. लोक आपापल्या मंडळांचे असे किस्से हसून सांगतात. आमचे मीही हसूनच सांगतो. पण सांगताना बहुतेक वेळा मान खाली जाते, कारण त्या मंडळातला मुख्य वक्ता मी होतो.

मामा रेल्वेत होते, म्हणून मी लाहोरला शिकलो. तत्त्वज्ञान घेऊन बी. ए. झालो आणि नाशिकला परतलो तेव्हा अंगात नुसता जोर होता. साऱ्या देशाला हेतू द्यायचा होता. सुरुवात पंचवटीपासून करावी असं ठरवलं. आमच्या शेजारी अण्णा राहत, पेन्शनीत निघालेले पोस्टमास्तर. त्यांनी आपली पुढची खोली दिली. दर शनिवारी संध्याकाळी बसायचं. सभासद चार: अण्णा, वेदान्त शिकवणारे दीक्षितशास्त्री, भद्रकालीत अत्तराचं दुकान असलेले करीमभाई आणि मी. चहा करायला अण्णांची मुलगी यमू. तिला कुणी सभासदांत धरलं नव्हतं.

*

पहिल्या बैठकीत बाकीचे बसले होते आणि मी उभा होतो.

"आपण एका वर्षात जीवनाचा हेतू निश्चित करू," मी म्हणालो.

शास्त्रीबुवांनी तपकिरीची डबी उघडली. "वर्ष कशाला लागतं? तो ठरलेला आहे. मोक्ष. पुढचा विषय घ्या."

"तसं नाही, शास्त्रीबुवा. प्रत्येकाने स्वतः विचार करून..."

"स्वतः विचार करायचा असता तर गुरूच्या घरी इतकी वर्षं पाणी कशाला भरलं असतं?"

तरीही मी दिवे लागेपर्यंत बोललो. शेवटी अण्णांना विचारलं, "आपलं मत?"

"माझं मत असं, की तू आता बस," अण्णा म्हणाले. "तुझं भाषण ऐकताना मला बिनपत्त्याचं टपाल हातात आल्यासारखं वाटतं. वजन पुष्कळ आहे, पण कुणाच्या घरी टाकायचं ते कळत नाही."

*

दुसरा किस्सा मृत्यूच्या भयाचा. त्या शनिवारी मी सिद्ध करत होतो, की ज्याचं मरणाचं भय गेलं त्यालाच जगण्याचा अर्थ कळतो. लाहोरच्या आमच्या प्रोफेसरांचा हा आवडता पॉइंट. मी हात वर करून म्हणालो, "भय ही केवळ एक कल्पना आहे!"

त्याच क्षणी लांबून धाडकन आवाज झाला. खिडकीची तावदानं थरथरली. पुन्हा एक. पुढचं मला आठवतं ते असं, की मी अण्णांच्या पलंगाखाली होतो आणि माझ्या तोंडाशी त्यांच्या जुन्या वहाणा होत्या.

वर कपबश्यांचे आवाज चालूच होते. थोड्या वेळाने अण्णांनी वाकून पाहिलं.

"लाहोरकर, बाहेर या. देवळालीला गोरे तोफांचा सराव करतायत. मधूनमधून असतो."

"मला भूकंप वाटला," मी म्हणालो.

"बरोबर आहे," शास्त्रीबुवा म्हणाले. "भूकंपाची कल्पना."

त्या दिवसापासून मंडळात मला सगळे लाहोरकरच म्हणू लागले. ते नाव तोपर्यंत फक्त अण्णा घेत असत.

*

करीमभाई फार थोडं बोलत. त्यांचा कप अण्णांच्या घरी खिडकीत वेगळा ठेवलेला असे. त्या खिडकीला टेकून मी 'सर्व मानव एक आहेत' या विषयावर सलग दोन शनिवार बोललो आहे. तेव्हा त्यात मला काही वावगं वाटलं नाही, हे आता कुणाला सांगवत नाही.

एकदा आग्रह केल्यावर करीमभाई म्हणाले, "मियाँ, माझं म्हणणं छोटं आहे. माणूस उठून गेला तर त्याची जागा रिकामी वाटली पाहिजे. बस. एवढ्यासाठीच जगायचं."

मला ते मत फारच आवडलं. पुढच्या शनिवारी मी त्यावर बोललो. पुढच्या खेपेसही त्यावरच बोललो. त्याच्या पुढच्या खेपेस करीमभाई दारात वहाणा काढताना म्हणाले, "दुकानात माल आला होता, दोन आठवडे जमलं नाही. काय काय झालं?"

"वा, करीमभाई," मी म्हणालो, "गेल्या शनिवारी तर तुम्ही काय सुरेख बोललात!"

यमू चहा घेऊन येत होती, ती थबकली. "करीमचाचा नव्हते गेल्या शनिवारी. त्याच्या आधीही नव्हते. खिडकीतला कप कोरडा होता."

मला कुठं पाहावं कळेना. करीमभाईंनी मात्र माझ्या पाठीवर थाप मारली. "चांगलं आहे की. म्हणजे मी मेलो तरी तुमच्या मंडळात बोलत राहीन."

*

मग अण्णांचा प्रश्न आला.

"मंडळी, आज मी विचारणार," ते म्हणाले. "यमू मॅट्रिक पास झाली. पुण्याला मावशी आहे, तिच्याकडे राहून कॉलेजात जाईन म्हणते. तिची आई म्हणते, लग्न उरकून टाका. मला तिला पाठवावंसं वाटतं. पण एकट्याचा धीर होत नाही. तुम्ही सगळ्या जगाच्या जीवनाचा हेतू ठरवताय, तर एवढं एकीच्या जीवनाचं सांगा."

काकू, म्हणजे यमूची आई, शास्त्रीबुवांच्या शब्दाबाहेर नव्हत्या. बुवांनी एक हो म्हटलं असतं तरी काम झालं असतं. ते म्हणाले, "मुलीचा हेतू सासरी ठरतो."

करीमभाई म्हणाले, "घरच्या गोष्टीत मी बोललो तर तुमच्याच लोकांत तुम्हाला ऐकावं लागेल, अण्णा."

उरलो मी. लाहोरला मी मुलींच्या शिक्षणावर निबंध लिहून बक्षीस घेतलं होतं. पण शास्त्रीबुवा चिडून उठून गेले असते तर मंडळ मोडलं असतं, आणि मंडळ माझं होतं. मी घसा साफ केला. "प्रश्न व्यापक आहे," मी म्हणालो. "आधी जीवनाचा हेतू ठरू दे. मग त्याच्या प्रकाशात हा प्रश्न सोडवता येईल."

आतल्या दारातून यमूचा आवाज आला. "तोवर कॉलेजात प्रवेश चालू राहील का, लाहोरकरदादा?"

अण्णा एकटे हसले. पण ते हसणं नेहमीचं नव्हतं.

*

पुढच्या शनिवारी चहा आला तो बिनसाखरेचा. आम्ही तिघं काही न बोलता प्यायलो. मला वाटलं, माझ्याच कपात राहिली असेल. करीमभाईंना वाटलं, खिडकीतल्या कपाला घालायची विसरली असेल. शास्त्रीबुवांनी तर त्यातून निरूपणच काढलं, की गोडाची अपेक्षा सुटणं हीच वैराग्याची पहिली पायरी.

अण्णांनी घोट घेतला आणि हाक मारली, "यमे, साखर संपली का गं?"

"नाही, अण्णा. डबा भरलेला आहे," ती आतून म्हणाली. "पण साखरेचा प्रश्न व्यापक आहे. आधी चहाचा हेतू ठरू दे."

मी कप तसाच रिकामा केला.

*

त्यानंतर थोड्याच दिवसांत अण्णा तापाने गेले. प्रश्न तसाच राहिला.

दहाव्याला आम्ही गोदावरीवर जमलो. अण्णांना मुलगा नव्हता, पुतण्याने पिंड ठेवले. बायकांनी यायची पद्धत नव्हती, पण यमू आली आणि पायऱ्यांवर उभी राहिली. करीमभाईही जरा लांब उभे होते. कावळा शिवेपर्यंत कुणी हलायचं नाही. शिवला नाही तर गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली आहे असं धरायचं, आणि ती पुरी करण्याचा शब्द मोठ्याने द्यायचा.

नाशिकच्या कावळ्यांना भाताची काय कमी? भिंतीवर ओळीने बसले होते. एक उतरेना.

"काका, घराकडे मी लक्ष देईन," पुतण्या म्हणाला. कावळे बसून.

"अण्णा, तुमचं वर्षश्राद्ध यथासांग होईल," शास्त्रीबुवा म्हणाले. कावळे बसूनच.

ही समजूत खुळी आहे असं मी दोनदा मंडळात सांगितलं होतं. आता मीच हात जोडून ओरडलो, "अण्णा, मंडळ मी चालू ठेवीन!" दोन कावळे उडून गेले.

"त्या भीतीनेच गेले," करीमभाई पुटपुटले.

काय म्हणायचं राहिलं आहे ते आम्हा प्रत्येकाला ठाऊक होतं. यमू आमच्याकडे पाहत नव्हती, नदीकडे पाहत होती. ऊन वर आलं. भटजी चुळबुळ करू लागले. मी तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटी शास्त्रीबुवाच दोन पावलं पुढे झाले.

"अण्णा, यमूला पुण्याला शिकायला पाठवू. माझा शब्द."

एक कावळा भिंतीवरून उतरला. आमच्या पिंडाजवळ आला, मान वाकडी करून त्याने पाहिलं, आणि शेजारच्या कुटुंबाच्या पिंडावर जाऊन बसला. अखेर भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि कार्य उरकलं.

परतताना शास्त्रीबुवांचा चेहरा मोकळा झाला होता. "शिवला नाही. म्हणजे अण्णांची ती इच्छाच नव्हती. मग तो शब्दही राहत नाही. काय, लाहोरकर?"

"तर्काला धरून आहे," मी म्हणालो. लाहोरच्या बी. ए.ने असं म्हटलं.

यमू वरच्या पायरीवर थांबली आणि वळली.

"शास्त्रीबुवा, शब्द तुम्ही कावळ्याला दिला होता का?"

शास्त्रीबुवांनी ओलं उपरणं पिळलं. झटकलं. पुन्हा पिळलं, त्यात पाणी उरलं नव्हतं तरी. मग तिच्याकडे न पाहता म्हणाले,

"तुझ्या मावशीकडे सोवळं पाळतात का गं? सोडायला आलो तर मला दुपारचं तिथंच जेवावं लागेल."