तिच्या वतीने प्रार्थना

एका बाईचं देवाशी बोलणं मी बंद पाडलं. मंडळीत कुणालाच ते पाप वाटलं नाही, म्हणून बरेच दिवस मलाही वाटलं नाही.

दुष्काळ सरला त्या वर्षीची गोष्ट. सोलापुरात मी शाळामास्तर होतो आणि आमच्या ख्रिस्ती मंडळीत वडीलही, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांपैकी एक. दर बुधवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा भरे. सगळे आळीपाळीने प्रार्थना करत, शेवटची माझी. ती बाई मूळची मंद्रूपकडची, विड्या वळायची, लिहिता-वाचता येत नव्हतं. नवरा गिरणीत, छाती पार कामातून गेलेली. पाळी आली की ती शेजारणीशी बोलावं तशी सुरू करायची, "देवा, मालकांचा खोकला हाय तसाच हाय बघ. काल तर रगात पडलं. तुला दिसतंय न्हवं? मग गप का बसलाईस?"

एका बुधवारी मी तिला मध्येच थांबवलं. "बाई, आधी स्तुती, मग पापांची कबुली, मग उपकारस्तुती आणि शेवटी मागणं. देवाला असं दरडावायचं नसतं."

"हिचं बोलणं कळायला देवाला दुभाषी ठेवावा लागंल, मास्तर," पेटी वाजवणारा म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो.

"तुम्ही नुसतं आमेन म्हणा," मी तिला म्हणालो. "तुमच्या वतीने मी करीन."

तिने ते खरं मानलं. मग ती माझ्या दाराशी येऊ लागली. "मास्तर, आज त्येंला लई ताप हाय. सांगा की तेवढं." मी उंबऱ्यात उभा राहून डोळे मिटायचो. खरं लिहायचं तर मला ते आवडायचं. ख्रिस्त मेला तेव्हा मंदिरातला पडदा फाटला, आता देवाकडे जायला मध्ये कुणी लागत नाही, हे दर रविवारी मुलांना मीच शिकवत होतो.

एका दुपारी तिची शेजारीण शाळेत आली. नवऱ्याचं काही खरं नाही, बाईने दवाखान्यात बोलावलंय, म्हणाली. मी सहामाहीचे पेपर तपासत होतो. "एवढा गठ्ठा संपवून येतो," मी सांगितलं.

दीड तासाने पोचलो तेव्हा चादर तोंडावर ओढलेली होती. बाजूच्या खाटेवरचा म्हातारा म्हणाला, "त्यो सारखा म्हणत हुता, तूच कर की प्रार्थना. ही म्हणायची, दम धरा, मास्तर येतायत."

बाई रडत नव्हती. "आता करा, मास्तर," एवढंच म्हणाली. मी केली. त्यातला एक शब्दही मला आठवत नाही.

ती कुंभारी गावी भावाकडे गेली, उपासनेला यायची बंद झाली. नवरा गेला आणि हिचा विश्वासही गेला, असं मंडळीत बोललं जाई. मी ते ऐकून घ्यायचो. दोन वर्षं ऐकून घेतलं.

शेवटी एका शनिवारी शाळा सुटल्यावर गेलो. ती दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. "बसा," म्हणाली. हात थांबले नाहीत.

"प्रार्थना करता का, बाई?"

"न्हाय. तुमी कुटं हुतासा हितं?"

मला बसवेना. "मी लागतच नव्हतो," मी म्हणालो. "तुम्ही करत होता तीच प्रार्थना होती. मी ती तोडली, माझ्या मोठेपणासाठी. तुमच्या मालकांना शेवटी तुमच्या तोंडची प्रार्थना हवी होती, ती माझ्यामुळे त्यांना मिळाली नाही. आणि मी पेपर तपासत बसलो होतो. मला क्षमा करा."