आबांचं डाव्या हाताचं ड्रिल

मला राग पटकन येतो, हे आधीच सांगून टाकते. माझं सासर धुळ्याचं आणि माहेर जळगावचं, मेहरूणचं. दोन्हीकडची माणसं सांगतील की ही बाई आधी भांडते आणि मग ऐकून घेते. पण त्या वर्षी मी बाजारात जे भांडले, ते भांडण मला अजून आवडतं.

आमच्याकडे अक्षय तृतीयेला आखाजी म्हणतात. खानदेशातल्या सासुरवाशिणीला दिवाळी एक वेळ चुकली तर चालेल, आखाजी चुकलेली चालत नाही. ऊन असं की चपलेशिवाय अंगणात पाय ठेववत नाही, तरी लेकी माहेरी येतात, आमरस-सांजोऱ्या खातात आणि झोके घेतात. पुरुष एकीकडे पत्त्यांचे डाव मांडून बसतात, त्या दिवशी त्यांना कोणी बोलत नाही. झोका मात्र बापाने बांधायचा. आमच्या गल्लीत तरी तसंच होतं. माझा झोका आबा बांधायचे, दारातल्या निंबाला. आबा म्हणजे माझे वडील. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, आणि घरातलं खिळ्यापासून खुर्चीपर्यंतचं सगळं काम स्वतः करणारे. दोर नवा आणायचे, आधी स्वतः बसून बघायचे, आणि मग मला हाक मारायचे.

मग रस्ता रुंद झाला आणि निंब गेला. आबा दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी ओसरीतल्या सागाच्या तुळईकडे बघत म्हणाले, झोका इथे टांगू. आमचं घर धाब्याचं, मातीच्या छताचं. तुळईच्या वर फळ्या घट्ट बसलेल्या, दोर ओवायला फटच नाही. म्हणून तुळईला आडवी दोन आरपार भोकं पाडायची, त्यांत बोल्ट घालायचे आणि बोल्टांना कड्या लोंबत्या ठेवायच्या, असं ठरलं. लोहाराकडून कड्या बनवून आणल्या, तेल लावून फडक्यात बांधून ठेवल्या. आणि त्याच वर्षी थंडीत आबांना अर्धांगवायूचा झटका आला.

जीव वाचला, बोलणं परत आलं, काठीने चालायलाही लागले. उजवा हात मात्र गेला तो गेलाच. म्हणजे होता जागेवर, पण दुखणाईत पाहुण्यासारखा नुसता मांडीवर बसून असायचा. भोकं पाडायचं गिरमिट चालवायला दोन हात लागतात. एकाने मागची गोल मूठ दाबून धरायची, दुसऱ्याने मधला वाकडा दांडा फिरवायचा. त्या आखाजीला माझ्या नवऱ्याने, गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये काम करणारा माणूस तो, सरळ बाक ओढला आणि म्हणाला, "आबा, द्या इकडे, अर्ध्या तासाचं काम." आबा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या." मग आत जाऊन खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले. माय दारात उभी राहून मला खुणावत होती की आता काही बोलू नकोस. झोका झाला नाही. गल्लीतल्या पोरी दुसऱ्यांच्या दारी गेल्या, मीही गेले आणि मला तिथे एक झोकाही गोड लागला नाही.

खरं सांगते, मला झोक्याचं काही नव्हतं. दोन लेकरांची आई होते मी. पण आबा तेव्हापासून कोणाकडे काही मागेनासे झाले होते. पाण्याचा तांब्या लांब असला तर तहान दाबून बसायचे. सदऱ्याची बटणं एका हाताने लावत बसायचे, आणि माय पुढे झाली की हात झटकायचे. हा माणूस असाच गप्प होत जाईल आणि एक दिवस पूर्ण विझेल, ही धास्ती माझ्या पोटात बसली होती. म्हणून मी ठरवलं, पुढच्या आखाजीला माझा झोका आबाच टांगणार, आणि कोणाच्या मदतीशिवाय टांगणार.

धुळ्यात आग्रा रोडच्या आतल्या एका गल्लीत हार्डवेअरचं दुकान होतं. दुकानदार वयस्कर मुसलमान गृहस्थ, सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांचा मेहुणा आखातात होता आणि सुट्टीवर येताना तिकडची हत्यारं घेऊन यायचा. तिथेच मी पहिल्यांदा बिनवायरचं ड्रिल पाहिलं. मुठीच्या खाली बॅटरी लावायची, घोडा दाबायचा की फिरायला लागतं. मला तर जादूच वाटली. वायरचं ड्रिल नवऱ्याच्या वर्कशॉपमध्ये होतं, पण ते एका हाताने धरलं की मनगटाला हिसका देतं, शिवाय ती वायर पायात घोटाळते. काठीवर चालणाऱ्या माणसाला ते देणं म्हणजे दुसरं दुखणं देणं.

चाचांनी दोन ड्रिलं काउंटरवर ठेवली. एक बारा व्होल्टचं, जाडजूड. दुसरं सात व्होल्टच्या आसपासचं, लहानखुरं. नवऱ्याने मोठं उचललं, घोडा दाबला, आणि त्याचा चेहरा असा फुलला की विचारू नका.

"हेच घ्यायचं," तो म्हणाला. "सागाचं लाकूड आहे. त्या लहान्याने काय होणार? दात कोरायला आहे ते."

मी उजवा हात पदरात गुंडाळला, डाव्या हातात मोठं ड्रिल घेतलं आणि खांद्याच्या वर धरून उभी राहिले. दुकानात दोन-चार गिऱ्हाइकं होती, ती बघायला लागली.

"ताई, उजव्या हाताने धरा ना," चाचा म्हणाले.

"ज्यांच्यासाठी घेतेय त्यांना उजवा नाही."

मी तशीच उभी. थोड्याच वेळात दंड भरून आला, मनगट थरथरायला लागलं. मग लहान घेतलं. ते कितीतरी वेळ धरवलं. उलट-सुलट फिरवायचं बटण अंगठ्याने दाबून बघितलं, ड्रिल मांड्यांत धरून बॅटरी एका हाताने काढून घालून बघितली. मोठ्याची बॅटरी इतकी घट्ट बसायची की ओढायला दुसरा हात लागायचा. लहान्याची खटका दाबला की आपोआप हातात यायची.

"लहान द्या," मी म्हणाले. "दोन बॅटऱ्यांसकट."

"अगं, ताकद नाही त्यात!" नवरा म्हणाला.

"ताकद तुम्हाला दाखवायचीय की आबांना भोक पाडायचंय? वेळ लागला तर लागू दे. त्यांना कुठे गाडी पकडायचीय?"

नवरा तणतणला, मी त्याच्या वरताण तणतणले. शेवटी चाचाच म्हणाले, "देखो भाऊ, घरात सुखाने राहायचं असेल तर लहान घ्या." त्यावर तोही हसला. पैसे माझ्या शिवणकामातले होते, त्यामुळे पुढे बोलायची सोय नव्हती. निघताना चाचांनी मला दोन गोष्टी बजावल्या. बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय भरायची नाही, नाहीतर तिला अर्ध्या पोटाची सवय लागते. आणि भरून ठेवून द्यायची नाही. वापरायची असेल त्याच्या आदल्या दिवशी भरायची, कारण ती कपाटात बसल्या बसल्या रिकामी होते.

मी दोन्ही गोष्टी आबांना जशाच्या तशा सांगितल्या. पहिली त्यांना पटली. दुसरीवर हसले.

"भरेल भांडं झाकी ठेवं, ते सांडस का कोठे?" म्हणाले.

मूळ गाव आमचं सोनगीरजवळचं, त्यामुळे आबा घरात अहिराणीच बोलायचे.

ड्रिल हातात घेतल्यावर आधी त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं, वास घेतला, आणि "हलकं शे" एवढंच म्हणाले. मी धुळ्याला परतले आणि पुढची खबर मायकडून यायला लागली. आबांनी जुन्या फळीवर सराव केला. मग खुंट्या ठोकल्या. मग देवघराला दार बसवलं. मग ज्या भिंतीवर काही लावायचं नव्हतं तिथेही भोकं पडली. संक्रांतीला मी गेले तर माय कपाळाला हात लावून म्हणाली, "बठ्ठं घर चाळनी करी टाकं यासनी!" आणि आबा ओसरीत बसून शीळ घालत होते. शीळ! वर्षभरात ऐकली नव्हती. मी चुलीपाशी जाऊन रडून घेतलं आणि धूर लागला म्हणून सांगितलं.

आता आखाजीची गोष्ट. सकाळच्या एस.टी.ने आम्ही पोहोचलो. आदल्या संध्याकाळी वावटळ येऊन गेली होती, मेहरूणभर तारा तुटल्या होत्या आणि वीज नव्हती. मला चिंता वाटली, पण आबा निवांत. पांढरा सदरा घालून तयार. आत गेले, लोखंडी पेटी उघडली आणि मायच्या जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळलेल्या दोन्ही बॅटऱ्या बाहेर काढल्या. लुगड्यात निंबाचा पाला घातलेला, धान्यात घालतात तसा.

"कधी भरल्या?" मी विचारलं.

"होळीले," आबा अभिमानाने म्हणाले. "तवपासून हात नही लावा. आखाजीकरता ठेयेल शेतस."

कपाळ माझं! होळीपासून आखाजीपर्यंत. आमच्या घराची रीतच ही. चांगलं लुगडं पेटीत, चांगली कपबशी फळीवर, चांगलं ते सगळं सणासाठी राखून. बॅटरीनेच काय पाप केलं होतं? नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

आबा बाकावर चढले. घोडा दाबला. ड्रिल फिरलं, लाकडाचा भुसा खाली पडायला लागला, आणि माझा जीव भांड्यात पडला. पहिलं भोक आरपार गेलं तेव्हा ड्रिल कण्हत होतं. दुसऱ्या भोकाला दुसरी बॅटरी लावली. अर्ध्यापर्यंत गेली, मग हळू झाली, मग थांबली. आबांनी पहिली परत घातली. एक घरघर, संपलं. परत दुसरी. तीही नाही. वीज तर नव्हतीच.

गल्लीतल्या माहेरवाशिणी नटूनथटून दाराशी येऊन थांबल्या होत्या. नवरा अर्धा उठला आणि मीच त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला बसवला. आबा तुळईतल्या त्या अर्ध्या भोकाकडे बघत होते. मला वाटलं, संपलं. आता ते खाली उतरतील, आत जातील, भिंतीकडे तोंड करून पडतील, आणि या वेळी उठायचे नाहीत. माझ्याच हौसेने मी त्यांना चारचौघांसमोर बाकावर उभं केलं होतं.

ते उतरले. आत गेले. पेटी वाजली. आणि गिरमिट घेऊन बाहेर आले.

परत चढले. गिरमिटाचं टोक भोकात घातलं, मागची मूठ छातीने दाबली आणि डाव्या हाताने दांडा फिरवला. बाक डुगडुगला, अधू पाय सरकला, माय किंचाळली. आबांनी तुळई धरून तोल सावरला. कपाळावरून घाम ओघळत होता. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ये व माय. मूठ धर. माले एकलाले जमत नही."

दीड वर्षात पहिल्यांदा त्यांनी कोणाला काही मागितलं होतं. मी पदर खोचून बाकावर चढले ती कशी, मला आठवत नाही. मी मूठ धरली. आबांनी आपल्या डाव्या हाताने उजवा हात उचलला, माझ्या हातांवर आणून ठेवला आणि मग दांडा फिरवायला लागले. तो हात थंड होता आणि जड होता. मी जोर लावून मूठ दाबत होते, आणि आबा "दाब, आखो दाब, सरळ धर," असं मला लहानपणासारखं रागावत होते. भोक पडलं तेव्हा पलीकडून उजेडाचा ठिपका दिसला आणि दारातल्या पोरी ओरडल्या.

बोल्ट बसले, कड्या बसल्या, नवा दोर बांधला, फळी टाकली. आबा आधी स्वतः बसले. फळी कुरकुरली, पण धरली. मग उठून मला हाक मारली.

मी बसले. आबा मागे येऊन उभे राहिले. काठी त्यांनी डाव्या हातात घेतली होती, ते मागे येताना मी पाहिलं होतं. माझ्या पाठीला हात लागला. उजवा. त्या हाताने त्यांनी मला ढकललं, आणि त्यात माझ्या पदराची घडी मोडेल एवढंही बळ नव्हतं. मी पायाच्या बोटांनी गुपचूप जमीन रेटली, झोका पार ओसरीच्या बाहेर गेला, आणि मी गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडले, "आबा, हळू ना, पडीन मी!"