केबिनची काच वर करून

अण्णा गेल्याचा फोन तात्यांनी केला. तात्या म्हणजे आमचे मंद्रूपचे चुलते. पहाटे झोपेतच हृदय बंद पडलं, एवढं सांगून त्यांनी थांबायला हवं होतं. पण ते पुढे म्हणाले, "फोनवर त्या बाईला समदं सांगत बसायचा की. मनातलं भाईर काढून काढून पोकळ झाला गडी." सोलापुरातल्या माझ्या स्वयंपाकघरात मी फोन कानाला लावून उभी होते. सख्खा थोरला भाऊ गेला होता, आणि रडू यायच्या आधी मला राग आला. महिना उलटला तरी तो उतरलेला नाही. उतरावा असं वाटतही नाही.

अण्णाचा स्वतःचा ट्रक होता. काही वर्षांपूर्वी टेंभुर्णीच्या चौकात एक मोटारसायकलवाला त्याच्या चाकाखाली आला. चूक अण्णाची नव्हती, पोलिसांनीही तेच म्हटलं. पण तेव्हापासून टेंभुर्णी जवळ आली की त्याचे हात कापायचे. गाडी कडेला घेऊन स्टिअरिंगवर डोकं टेकून बसायचा... रात्र रात्र डोळ्याला डोळा लागायचा नाही. घरचे हातावर हात ठेवून बसले असं मी म्हणणार नाही. नारळ फोडले, उतारे टाकले, आणि शेवटी अण्णाला त्याच चौकाजवळ नेऊन बोकड कापला. म्हणजे ज्या जागी त्याने रक्त पाहिलं, तिथेच त्याला पुन्हा रक्त दाखवलं. याला आमच्याकडे उपाय म्हणतात.

मी शाळेत शिकवते. तिथल्या एका ओळखीतून मला ऑनलाइन समुपदेशन करणाऱ्या बाईंचा नंबर मिळाला. सोलापुरात मनाच्या डॉक्टरकडे यायला अण्णा तयार नव्हता. त्या पाटीखाली कुणी बघितलं तर ट्रकला भाडं कोण देईल, म्हणायचा. फोनवर मात्र हो म्हणाला.

आता आमच्यात दवाखान्यात माणूस कधी एकटा जात नाही. बरोबर चुलते, बायको आणि शेजारचा एखादा जाणता. डॉक्टर आजाऱ्याला विचारतात आणि उत्तर चुलते देतात. पहिल्या दिवशी तसंच झालं. ओसरीवर सतरंजी अंथरली, फोन तांब्याला टेकवून उभा केला आणि अण्णाभोवती सगळं घर बसलं. पडद्यावरच्या बाईंनी विचारलं, काय होतं तुम्हाला? तात्यांनी पोट साफ होत नाही इथपासून सुरुवात केली. सुमनवहिनीने चहा किती होतो ते सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मला फक्त यांच्याशी बोलायचंय, एकट्याशी.

तात्यांनी फोन पालथा घातला. "नाडी बघत न्हाय, गोळी देत न्हाय, आन् गड्याला एकट्याला बोलीवती. ही कसली डॉक्टरीण?"

मग अण्णाने स्वतःच जागा शोधली. दर गुरुवारी दुपारी तो घरासमोर उभ्या ट्रकमध्ये चढायचा, काचा वर करायचा आणि बोलायचा. आमच्याकडचं ऊन काय असतं ते इथल्या वाचकांना सांगायला नको. माणूस घामाने निथळायचा, पण काच बोटभरही खाली घ्यायचा नाही. समोरच्या कट्ट्यावर करमणूक झाली. कुणी लफडं म्हणालं, कुणी खुळावला म्हणालं. वहिनीने बोलणं टाकलं. माझ्यापशी बोलायला यांची जीभ उचलत नाही आणि तिच्यापशी तासभर, असं ती मला म्हणाली होती. तिचं दुखणं मला कळत होतं. बाकीच्यांचं काय कळून घ्यायचं? हीच माणसं मुलीचं स्थळ फोनवर बघतात, कांद्याचा भाव फोनवर बघतात, देवाची आरती फोनवर लावतात. अण्णाला वाहिलेली श्रद्धांजलीही फोनवरच फिरवली. फक्त जड झालेलं मन फोनवर मोकळं केलं की घराण्याचं नाक कापलं जातं!

आणि गुण येत होता हो. एका सकाळी त्याचा मला फोन आला. मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते. "मालन... टेंभुर्णीत च्या पितोय बघ. हात न्हाय कापला." झोपही परतली होती त्याची. झोपेतच गेला माझा भाऊ. बिड्यांनी गेला, चुकवलेल्या रक्तदाबाच्या गोळ्यांनी गेला. बोलण्याने गेला नाही.

दिवसकार्य उरकून मी मंद्रूपलाच थांबले होते. अण्णा दोनदा बोलायला आला नाही म्हणून गुरुवारी त्याच्या मोबाइलवर बाईंचाच फोन आला. वहिनीने उचलला, तो गेल्याचं कसंबसं सांगितलं आणि पलीकडचं ऐकत राहिली. तात्या म्हणाले, स्पीकर लाव, मी बोलतो तिच्याशी. वहिनी उठली. फोन कानाला तसाच धरून अंगण ओलांडून ट्रककडे गेली. इतक्या वर्षांच्या संसारात ती त्या केबिनमध्ये कधी बसली नव्हती. पायरी सापडेना, तरी चढली. अण्णाचा टॉवेल सीटवर तसाच होता, तो तिने मांडीवर घेतला. मग काच वर गेली. तात्या निघाले तशी मी आडवी आले. बसा, म्हटलं, बाई तिच्या एकटीशी बोलतायत.

ट्रक विकायला काढलाय. गिऱ्हाइकं येतात, चाकं बघतात. वहिनी प्रत्येकाला बजावते, "गुरुवारी येऊ नगा. गाडीत माणूस असतंय."