मेसेज आला, पैसे नाही

काशीदच्या रखमाबाई तांबे अंगणवाडीतून निवृत्त झाल्या आणि घरामागे पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या. अंगणवाडीत त्या प्रत्येक पोराला स्वतः काट्यावर बसवत. आयांनी सांगितलेलं वजन त्यांनी कधी धरलं नाही. त्यामुळे गावात त्या संशयी म्हणून ओळखल्या जायच्या. त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.

मे महिन्यात एका शुक्रवारी सकाळी फोन आला. एका गृहस्थाला दोन्ही खोल्या हव्या होत्या. दोन हजार आगाऊ पाठवतो म्हणाला. पाठोपाठ मेसेज आला, खात्यात वीस हजार जमा. मग पुन्हा फोन.

"मावशी, एक शून्य जास्त पडलं हो! अठरा हजार लगेच परत करा. आई दवाखान्यात आहे."

"अरे देवा. मग खोल्या कशाला घेताय?"

"आई बरी झाली की... हवापालटाला."

"ते चांगलंच."

रखमाबाईंनी मेसेज पुन्हा वाचला. बँकेचे मेसेज बँकेच्या नावानं येत. हा कुणाच्या तरी साध्या मोबाईल नंबरवरून आला होता. त्यांनी ॲप उघडून शिल्लक पाहिली. कालच्याइतकीच होती.

"साहेब, पैसे न्हाय आले."

"मेसेज आला ना?"

"मेसेज आला. पैसे न्हाय."

तो चिडला. पोलीस पाठवतो म्हणाला.

"पाठवा. खोल्या रिकाम्याच हायत."

फोन कट झाला. खरंच कुणाची आई आजारी असली तर, असंही रखमाबाईंना क्षणभर वाटून गेलं. मग आठवलं, आपला नंबर त्याला रस्त्यावरच्या पाटीवरून मिळाला असणार, आणि पुढची पाटी शेजारच्या हेमालीच्या खोल्यांची. त्या तशाच तिच्याकडे गेल्या.

हेमाली नवऱ्याबरोबर पाहुण्यांसाठी नव्या चादरी घालत होती. अठरा हजार तिनं केव्हाच परत केले होते.

"शिल्लक बघितलीस का गो?"

"एवढा सभ्य माणूस, रखमाबाय! दर वाक्याला ताई म्हणत होता."

तिनं शिल्लक पाहिली आणि त्या नव्या चादरीवरच बसली. रखमाबाईंनी तिच्याच फोनवरून १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावला, तक्रार नोंदवली आणि तिला घेऊन मुरूडला बँकेत गेल्या. अकरा हजार वाटेतच अडवले गेले आणि काही महिन्यांनी परत आले. बाकीचे गेले ते गेले.

शिल्लक बघितलीस का, हे नवऱ्यादेखत विचारलं म्हणून हेमाली बरेच दिवस रखमाबाईंशी बोलत नव्हती. आता बोलते. कुणी पैसे भरले की फोन घेऊन कुंपणापाशी येते. पाहुणे बॅगा घेऊन अंगणात ताटकळत असतात. रखमाबाई चष्मा लावतात, सावकाश शिल्लक बघतात आणि म्हणतात, "दे चावी."